सायलेन्सरातलं पाणी

सोमाजी उंदिरवाड्यांच्या गाडीला पाणी सुटलं, ही बातमी त्यांच्याआधी त्यांच्या शेजाऱ्यांना कळली. यात नवल काही नाही. गोंडपिपरीसारख्या गावात आपल्या घरी काय चाललंय हे माणसाला बहुधा बाहेरूनच कळतं. सोमाजी पुढे स्टिअरिंग धरून बसले होते आणि पाणी गळत होतं मागून. मागे उभे राहून दात घासत होते ते शेजारचे बिरजू गुरुजी. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. निवृत्तीनंतर वर्ग गेला पण शिकवायची खोड राहिली, म्हणून दिसेल त्याला शिकवायचे. त्यांनी चूळ टाकली, चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाले,

"बाबू, तुमची गाडी मुतून राह्यली."

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि सकाळची थंडी झोंबायला लागली होती. सोमाजी उतरले, मागे गेले, वाकले. सायलेन्सरच्या तोंडातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि मातीत काळपट डबकं झालं होतं. उंदिरवाडे बाबू म्हणजे तालुक्याच्या कचेरीतले वरिष्ठ कारकून. फायलीतलं त्यांना काही कळलं नाही असं सहसा होत नसे, पण हे फायलीतलं नव्हतं. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला, बोट रुमालाला पुसलं आणि "बघतो" म्हणाले. कचेरीत ज्या कामाचं काही होणार नाही, त्या कामाला ते हेच म्हणत.

गाडी म्हणजे जुनी पांढरी मारुती. चंद्रपूरच्या एका डॉक्टरांकडून दसऱ्याला घेतलेली, आणि घेतली ती मुळात वडशाला जायला. सोमाजींची बायको सत्यशीला. तिची थोरली बहीण वच्छलाबाई वडशाला दिलेली. आई लवकर गेल्यामुळे वच्छलाबाईनंच सत्यशीलेला न्हाऊमाखू घालून मोठं केलं होतं. आता सत्यशीलेला बस लागते. वच्छलाबाईच्या मुलाच्या, कुलदीपच्या लग्नाला ही दोघं एसटीनं गेली, तेव्हा वडशाच्या स्टँडवर उतरता उतरता तिला उलटी झाली, ती नेमकी न्यायला आलेल्या नवरीच्या बापाच्या बुटांवर. माणूस भला होता, काही बोलला नाही. पण लग्न लागेपर्यंत तो स्वतःच्या पायांकडे बघत मांडवात हिंडत होता आणि सोमाजी त्याच्याकडे बघत होते. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं की वडशाला पुन्हा पाऊल टाकीन ते स्वतःच्या गाडीतून. पुरुषांचे असे निश्चय घरच्यांनी वेळीच मोडून काढायला हवेत. ते कोणी केलं नाही.

गाडी आल्याचं फोनवर कळलं तेव्हा वच्छलाबाईनं सगळ्या आळीला सांगून टाकलं की माझी लहानी आता गाडीनं येणार. आणि दिवाळीच्या पाठोपाठ तिला लकव्याचा झटका आला. एक बाजू गेली. कुलदीपनं कळवलं, "मावशी, माय बोलते, समजते सारं. तुमचंच नाव घेऊन राह्यली. पन डॉक्टर म्हनते, दुसरा झटका आला तं डोक्यावर जाईन. लवकर या." सत्यशीलेनं त्याच दिवशी पिशवी भरून दाराजवळ ठेवली. सोमाजी म्हणाले, "या रविवारी निघू." रविवार उजाडायच्या आत हे पाणी सुटलं.

खरं सांगायचं तर गाडीला काहीही झालेलं नव्हतं. पेट्रोल जळलं की धुराबरोबर वाफही निघते. सायलेन्सर गार असला की त्या वाफेचं आतल्या आत पाणी होतं, शिजत्या भातावरचं झाकण उचलल्यावर ओघळतं तसं. गाडी जरा लांब नेली, सायलेन्सर सणसणीत तापला, की ते पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जातं आणि विषय संपतो. थंडीत हे सगळ्याच गाड्यांचं होतं. पण गाडी लांब नेतो कोण? सोमाजी रोज सकाळी अंगणात गाडीवरची ताडपत्री काढायचे, फडक्यानं पुसायचे, आत बसून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, एकदा हॉर्न वाजवायचे आणि बंद करून पुन्हा ताडपत्री घालायचे. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, रोज चालू केली नाही तर बॅटरी उतरते. गाडी रस्त्यावर नेली तर टायर झिजतात, पेट्रोल जळतं, ढोरं आडवी येतात. असा सगळीकडून विचार करून त्यांनी गाडी अंगणातच सांभाळली होती, आणि त्या सांभाळण्यानंच सायलेन्सरात रोजचं थोडं थोडं पाणी साठत होतं. दसऱ्यापासूनचं.

"पानीच गळून राह्यलं नं?" सत्यशीला म्हणाली. "चाक तं नाई गळून पडलं. चला नं."

"टपकत टपकत जाऊ का वडशाले? कुलदीपचा सासरा तिथीच बसला राहीन. अंगनात डबकं पाहीन अन् पुन्हा आपल्या बुटाकडे पाहीन."

"पाहू द्या. बाई बिमार आहे माही."

"म्हनूनच म्हनतो, गाडी नीट करून जाऊ. अर्ध्या रस्त्यात जंगलात बंद पडली तं मी तुले खांद्यावर नेऊ का?"

पिशवी मात्र सत्यशीलेनं दाराजवळून हलवली नाही.

पहिला इलाज बिरजू गुरुजींनी केला. त्यांचं म्हणणं असं की पाणी गाडीतलं नव्हेच, दवाचं आहे. रात्री दव पडतं, ते उघड्या नळीत शिरतं. सोमाजींनी विचारलं, "नळी तं आडवी आहे, दव वरून पडते." गुरुजी म्हणाले, "दव म्हनजे पाऊस नाई बाबू, ते हवेत असते. हे चौथीत असते." चौथीचं नाव निघाल्यावर सोमाजींनी माघार घेतली. त्यांनी सत्यशीलेचं जुनं लुगडं फाडून सायलेन्सरच्या तोंडात गच्च बोळा बसवला. सकाळी कचेरीच्या घाईत तो काढायचा राहिला. गाडी चालू होईना. सोमाजींनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली, अॅक्सिलरेटर दाबला, आणि गुरुजी नेमके परिणाम पाहायला मागे वाकले असताना बोळा सुटला. इजा झाली नाही. पण गुरुजींचं धोतर गुडघ्यापासून वर काळंशार झालं आणि पुढे महिनाभर ते सोमाजींशी फक्त विहारातल्या पंचशील झेंड्याच्या कार्यक्रमापुरतं बोलत होते. लुगड्याचा तुकडा सत्यशीलेनं उचलून धुतला आणि दोरीवर टाकला. ते लुगडं वच्छलाबाईनंच तिला दिलेलं होतं, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही. नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी फरक पडला नसता असं मला वाटतं.

दुसरा इलाज रईसचा. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक टपरी, पुढे कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली उघडून ठेवलेल्या मोटारसायकली. चारचाकी त्याच्याकडे क्वचितच यायची, त्यामुळे आली की तो फार आनंदानं उघडायचा. त्यानं धुराचा वास घेतला, पाणी हातावर घेतलं, आणि गावातल्या थोरल्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला,

"बाबू, गॅसकेट गेली. इंजन आतून पानी पिऊन राह्यलं. आता चालवली तं इंजन सीज होते, म्हनजे पार जाम. एक किलोमीटर बी नोका चालवू."

एक किलोमीटरही चालवू नका हा सल्ला सोमाजींना मनापासून पटला, कारण ते चालवतच नव्हते. रईसनं इंजिनाचं डोकं उतरवलं. गॅसकेट धडधाकट निघाली. पण उघडलंच आहे म्हणून बदलली. बदलताना एक बोल्ट तुटला, तो चंद्रपूरहून मागवला, तो आला तो दुसऱ्याच मापाचा. तोवर गाडी कडुनिंबाखाली तोंड उघडून उभी, आणि येणारा-जाणारा आत डोकावून "अरेरे" म्हणून पुढे जायचा. कचेरीतले साहेब जीपमधून जाताना थांबून म्हणाले, "उंदिरवाडे, पोस्टमार्टम आहे का?" सोमाजींनी हसून मान डोलावली. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

दर काही दिवसांनी शेजारच्या बाबूभाईंकडे वडशाचा फोन यायचा. बाबूभाई धान्याचे व्यापारी, त्यांची बायको सुलताना कुंपणावरून हाक मारायची. सत्यशीला पदरानं हात पुसत धावत जायची. फोनवर वच्छलाबाईचा आवाज जड, शब्द अर्धे, पण विचारायची एकच गोष्ट.

"गाडी बरी झाली का वं?"

"होऊन राह्यली बाई."

"घाई नोका करू. पक्की करून या. मी सांगतलं सब्बन आळीले."

फोन ठेवल्यावर सत्यशीला तिथेच खुर्चीवर बसून राहायची. सुलताना एकदा म्हणाली, "दीदी, मेरी मानो तो तुमी बसनं जाऊन या. उलटी होते तं होते. उलटी पुसता येते." हे सगळ्या सल्ल्यांतलं एकमेव शहाणं वाक्य. ते ऐकून सत्यशीला खरंच दुसऱ्या दिवशी पिशवी, लिंबं आणि प्लास्टिकच्या पन्न्या घेऊन स्टँडवर गेली. वडशाच्या वाटेवरची आष्टीकडची बस लागलेली. सोमाजींना रईसच्या गॅरेजातूनच ती दिसली. ते धावले. बसच्या दारात त्यांनी तिच्या हातातली पिशवी धरली.

"गाडीवाल्याची बाई बसनं गेली म्हनतीन लोकं. तुले काय वाटते, मले बरं वाटते का? येत्या रविवारी नेतो. वचन देतो."

कंडक्टर म्हणाला, "बाई, येता का राह्यता?" बसभर लोक बघत होते. सत्यशीला उतरली. नवऱ्याची शोभा चारचौघांत होऊ नये म्हणून उतरली, दुसरं काही कारण नव्हतं. बस गेली.

रईसनं इंजिन पुन्हा जोडलं. गाडी चालू झाली आणि पाणी गळायला लागलं. रईस जरा वेळ डोकं खाजवत बसला, मग त्यानं सायलेन्सरच्या पोटाला खालून एक बारीक भोक पाडलं. पाणी जमा होतं ना, मग त्याला वाट करून द्या, असा त्याचा न्याय. आता पाणी दोन ठिकाणांहून गळू लागलं. आणि आतून आधीच गंजलेला तो पत्रा, त्या भोकाभोवती दिवसागणिक झडत गेला. सकाळच्या पाच मिनिटांत गाडी मळणीयंत्रासारखी धडधडू लागली. बिरजू गुरुजींनी खिडकी उघडली, बघितलं आणि खिडकी लावली. बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसानं इतकं बोलणं फार झालं.

मग ठरलं की गाडी चंद्रपूरला मोठ्या गॅरेजात न्यायची. चालवत न्यायची नाही, कारण सीज होईल. बाबूभाईंचा ट्रक तांदूळ आणायला रिकामा जाणार होता. "डाल दो उसमें," बाबूभाई म्हणाले, "शेजाऱ्याले इतकं तं करनारच." फळ्या लावून हमालांनी गाडी ट्रकवर चढवली. चाकांखाली लाकडाच्या चार पाचरी ठोकल्या. सोमाजी म्हणाले, मी गाडीतच बसतो, ब्रेक धरून. आजारी माणसाला कोणी अॅम्ब्युलन्समध्ये एकटं सोडतं का? सत्यशीला दारात उभी होती. तोच तो रविवार होता. गोंडपिपरीच्या लोकांनी त्या सकाळी जे दृश्य पाहिलं, ते पुष्कळ दिवस सांगितलं: ट्रक चाललाय, ट्रकवर मारुती, मारुतीत स्टिअरिंग धरून उंदिरवाडे बाबू, डोक्याला मफलर, समोर एकटक नजर. वळणावर त्यांचे हातही वळत होते.

अर्ध्या वाटेवर जंगल खात्याचा एक नाका लागतो. तिथे मडावी नावाचे गार्ड होते. स्वभावानं मऊ, बोलायला गोड. त्यांनी ट्रकवर चढून कौतुकानं गाडी पाहिली. खाली वाकून पाचरी पाहिल्या आणि काळजीनं विचारलं,

"पाचरी पक्क्या आहेत नं बाबू? घाटीत गाडी सरकीन."

आता इथे "आहेत" एवढं उत्तर पुरे होतं. पण इतके दिवस रईस, गुरुजी, साहेब, कंडक्टर या सगळ्यांसमोर मान खाली घातलेल्या माणसाला, कोणीतरी आपुलकीनं विचारल्यावर, एक मोठी गोष्ट बोलावीशी वाटली. सोमाजी म्हणाले,

"साधं लाकूड आपन लावत नाई मडावीजी. अस्सल साग आहे."

मडावींचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं. "काऊन सांगतलं बाबू?" ते म्हणाले. "सागाच्या तुकड्यालेबी वाहतुकीचा परवाना लागते. आता मी आयकलं."

ड्रायव्हर म्हणाला, पाचरी काढून ठेवून घ्या. मडावी म्हणाले, काढल्या तर गाडी सरकेल, अपघात होईल. आणि जप्त माल साहेबांनी पाहीपर्यंत जसा सापडला तसाच ठेवावा लागतो. सोमाजी स्वतः सरकारी माणूस, त्यांना हे नियम तोंडपाठ होते, म्हणून भांडताही येईना. पंचनामा झाला. "सागवान पाचरी नग चार, त्यावर उभी मारुती कार नग एक." सोमाजींनी आपल्या सुंदर अक्षरात खाली सही केली. बाबूभाईंच्या ट्रकला तांदूळ आणायचा होता, म्हणून गाडी नाक्यामागच्या डेपोत उतरवली, आणि नियमाप्रमाणे तिच्या चाकांखाली त्याच पाचरी पुन्हा ठोकल्या. साहेब येतील, बघतील, सोडतील. पण साहेबांची बदली झाली होती आणि नवे साहेब रुजू व्हायचे होते.

घरी आल्यावर सोमाजींनी सगळं सांगितलं. सत्यशीला भाकरी थापत होती, थापत राहिली. मग म्हणाली, "माहं काही म्हननं नाई." ज्या बायका असं म्हणतात त्यांचं म्हणणं असतं, आणि ते ऐकायला नवऱ्याला पुष्कळ दिवस पुरतं.

डेपोत बांबूच्या थप्प्या, जप्त केलेल्या बैलगाड्या आणि मधोमध पांढरी मारुती. रात्रभर जंगलातलं दव तिच्यावर पडायचं. सोमाजींना झोप लागेना. बॅटरी उतरेल. त्यांनी मडावींना विनंती केली, आणि मडावी म्हणाले, "चालू करा बाबू, फक्त हलवू नोका. मुद्देमाल आहे." मग सोमाजी एक दिवसाआड सकाळच्या बसनं नाक्यावर जायचे, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, एकदा हॉर्न वाजवायचे, आणि परतीच्या बसनं कचेरी गाठायचे. मडावी चहा पाजायचे. सायलेन्सरखालच्या मातीत आता ओल कायमची राहिली होती आणि तिथे हिरवं गवत उगवलं होतं.

"नाक्यावर जाले बस चालते तुमाले?" एका सकाळी सत्यशीलेनं विचारलं. ते मफलर गुंडाळत होते.

"तिथी कोनी पाहुना नसते," सोमाजी म्हणाले. म्हटल्यावर त्यांना ते वाक्य आपलंच आपल्याला ऐकू आलं आणि ते चपला शोधायला बाहेर गेले. त्या दिवशी बसमध्ये त्यांना फार एकटं वाटलं. परत फिरावं, तिला घ्यावं, तसंच आष्टीच्या बसमध्ये बसावं, असं त्यांच्या मनात आलंही. पण मडावी वाट बघत असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

वडशाचे फोन हळूहळू कमी झाले. पूर्वी कुलदीप "लवकर या" म्हणायचा, आता म्हणायचा, "या सवडीनं." वच्छलाबाई फोनवर येत नसे. झोपली आहे म्हणायचा. सत्यशीलेनं एकदा जोर करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, दुसरा झटका येऊन गेला. तशी ठीक आहे. खाते, पिते." तिनं घरी येऊन पिशवी दाराजवळून उचलली, आतली लिंबं सुकून गेली होती ती फेकली, आणि पिशवी पुन्हा तिथेच ठेवली.

संक्रांत झाली आणि नवे साहेब आले. मडावींचा निरोप येताच सोमाजी निघाले, तर सत्यशीला पिशवी घेऊन बाहेर उभी. "मी येते" असं तिनं म्हटलं नाही, ती नुसती आली. बसमध्ये तिला उलटी झाली. पन्नीत झाली, तिनं गाठ मारली, तोंड पुसलं. कोणाच्याही बुटांना काही झालं नाही.

नवे साहेब तरुण होते. त्यांनी वाकून पाचर नखानं खरवडली, वास घेतला आणि मडावींकडे बघितलं.

"हा साग नाही. निलगिरी आहे. निलगिरीला परवाना लागत नाही."

मडावी म्हणाले, "साहेब, बाबूहीनं जबाबात सागच सांगतला."

"तुम्ही का सांगितलं हो?" साहेबांनी विचारलं. सोमाजींचे कान लाल झाले. साहेबांनी शेरा मारला, पाचरी काढल्या आणि गाडी मोकळी झाली. गाडी सरकली वगैरे नाही, जागच्या जागी उभी राहिली.

आता ती घरी न्यायची कशी, कोणाचा ट्रक मिळतो, याचा सोमाजी विचार करत होते, तोवर सत्यशीला पुढचं दार उघडून आत बसली. पिशवी मांडीवर.

"वडशाले," ती म्हणाली.

"अवं, इंजन सीज होईन."

"होऊ द्या."

"सायलेन्सरले भोक आहे. रस्त्याभर आवाज होईन."

"मी उतरत नाई."

मडावींनी तोंड फिरवलं. सोमाजी बसले. गाडी गर्जत बाहेर पडली. बल्लारपूर गेलं, चंद्रपूरच्या गर्दीत दोन रिक्षावाल्यांनी शिव्या दिल्या, मूल गावाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागलं. सोमाजींना गाडी चालवता येत होती, याचं त्यांना स्वतःलाच थोडं आश्चर्य वाटलं. आरशात बघावं तर आधी मागे पांढऱ्या वाफेचा लोट दिसायचा, मूल येईतो तो विरळ झाला, नंतर दिसेना. सिंदेवाहीला चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली, मागे जाऊन वाकले, आणि नळीखाली तळहात धरला. गरम कोरडी हवा. थेंब नाही. बराच वेळ थांबले, तरी थेंब नाही. कुठलाही गॅरेजवाला, कुठलाही गुरुजी नसताना गाडी आपली आपण बरी झाली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, तो लपवणं त्यांना जमलं नाही.

"पानी बंद झालं," खिडकीशी येऊन ते म्हणाले. "पार कोरडी. चालवल्यानंच बंद झालं."

सत्यशीलेनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सोमाजींना वाटलं. "चला," ती म्हणाली. त्यांनी चहा घेतला नाही. ब्रह्मपुरीपर्यंत ते एकटेच हिशेब करत होते की दसऱ्याला निघालो असतो तर, दिवाळीला निघालो असतो तर, आणि प्रत्येक हिशेबाला उत्तर तेच येत होतं, म्हणून त्यांनी हिशेब सोडला. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि स्टिअरिंग धरलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते.

वैनगंगा ओलांडून गाडी वडशात शिरली तेव्हा ऊन कलतं होतं. गाडीच्या आवाजानं आळीतली माणसं बाहेर आली. अंगणात खाटेवर वच्छलाबाई बसलेली, गोधडी गुंडाळून, अंगानं अर्धी राहिलेली. सत्यशीला धावत गेली आणि तिच्या पायाशी बसली. वच्छलाबाईनं तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, मग पदर सावरून परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाली, "बसा जी. खाली काऊन बसल्या?"

कुलदीप दारात उभा होता. "नाताळापासून असंच आहे मावसाजी," तो हळू आवाजात म्हणाला. "मलेबी नाई ओळखत."

पण गाडी तिनं ओळखली, म्हणजे गाडी आहे हे ओळखलं. बोट दाखवून दाखवून ती हट्टाला पेटली, तेव्हा कुलदीपनं तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. शेजारी सत्यशीला बसली. सोमाजींनी गाडी काढली, बाजारातून स्टेशनकडे, अगदी हळू. वच्छलाबाई खिडकीतून बघत होती आणि खुश होती. कुलदीपचा सासरा दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्यानं हात वर केला. सोमाजींचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"तुमी कोनाघरच्या जी?" वच्छलाबाईनं सत्यशीलेला विचारलं.

सत्यशीलेनं तिची गोधडी सावरली. "इथल्याच आहो बाई."

"माही लहानी येनार आहे. गोंडपिपरीची. गाडीनं येते थे." तिनं सत्यशीलेचा हात आपल्या बऱ्या हातात घेतला. "लहानपनी माह्यामांगं मांगं फिरे. आता गाडी आहे त्याहीची. बिमार आहे म्हनते गाडी."

सत्यशीला रडत होती, आवाज न करता. वच्छलाबाईनं पुढे वाकून सोमाजींच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"डायवरभाऊ, तुमाले गाडीतलं समजते. गाडीले बरी व्हाले किती दिस लागते?"

"झाली बाई," सोमाजी म्हणाले. "बरी झाली गाडी."

वच्छलाबाईनं मान हलवली.

"नाई झाली," ती म्हणाली. "झाली असती तं आली असती."